बिडाचे रेडिएटर आणि त्यांचा ढाळ : प्रस्तावना

अमेरिकेच्या ईशान्य भागात, बॉस्टनपासून न्यू यॉर्क व न्यू जर्सीवरून फिलाडेल्फियापर्यंत, आणि पश्चिमेस शिकागोच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकाची अखेर व विसाव्याची पहिली तीन दशके एवढ्या अवधीत बांधलेली जी असंख्य घरे आजही नांदती आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या तळघरात एक बॉयलर, त्याच्या माथ्यातून निघून छताच्या कडेकडेने गेलेले लोखंडी नळ, आणि वरच्या प्रत्येक खोलीत खिडकीखाली ठाण मांडून बसलेला बिडाचा रेडिएटर, असा सरंजाम आढळतो. या सरंजामापैकी केवळ रेडिएटर, त्याचे पाय, त्याची नळाशी होणारी जोडणी आणि त्याला द्यावयाचा ढाळ, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. विषय इतका आकुंचित ठेवून त्यावर एक स्वतंत्र पुस्तक, आणि तेही मराठीत, लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा सुज्ञ वाचक करील हे गृहीत धरूनच ही प्रस्तावना लिहीत आहे.

१९६५ साली अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यानंतर आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर व प्राध्यापक मंडळी तिकडे जाऊन स्थायिक झाली, आणि त्यांतील काहींनी, नव्या वसाहतींतील फळकुटी घरांपेक्षा जुन्या गावातील विटांचे, ओकच्या जिन्याचे घर बरे, अशा रास्त विचाराने वर सांगितलेल्यांपैकी घरे खरेदी केली. या घरांतील कर्ती माणसे इंग्रजी माहितीपत्रके वाचू शकतात, हे खरे. परंतु ती दिवसभर कचेरीत असतात. हिवाळ्यात रेडिएटरच्या सहवासात दिवस कंठण्याचा प्रसंग येतो तो पुण्या-नाशकाहून मुक्कामास आलेल्या त्यांच्या आईवडिलांवर. पहाटे चार वाजता नळात घणाचे घाव पडू लागले म्हणजे अंथरुणात उठून बसतात ती हीच मंडळी, आणि हा आवाज कशाचा याचा उलगडा चिरंजीवांकडून न झाल्यामुळे, जुन्या घरात हे चालायचेच, या समजुतीवर समाधान मानतात तीही हीच. हे चालावयाचे नव्हे, या आवाजाला कारण आहे, आणि ते कारण बहुतेक वेळा लाकडाच्या दोन चकत्यांनी दूर होण्यासारखे असते, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे, हा या लेखनाचा पहिला हेतू.

वाफेची आपल्या लोकांना ओळख नाही असे मुळीच नाही. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली ती वाफेने. त्यानंतर तीनच वर्षांत कावसजी दावरांच्या गिरणीच्या चात्या फिरू लागल्या त्या वाफेने. आणि पुढे शंभरावर वर्षे परळ-लालबागच्या वस्तीचे दिवसाचे वेळापत्रक गिरणीच्या भोंग्याने ठरविले. परंतु ही सगळी वाफ राबणारी वाफ होती. तिचे सामर्थ्य तिच्या दाबात होते, आणि म्हणून बॉयलर म्हटला की दाब, दाब म्हटला की धोका, आणि धोका म्हटला की १९२३ चा बॉयलर कायदा व त्याखालील निरीक्षक, ही परंपरा आपल्या मनात पक्की बसली आहे. घर ऊबदार ठेवणारी वाफ निराळ्या जातीची. आगगाडीच्या इंजिनात दर चौरस इंचास शेकड्यांनी पौंड मोजावयाचे, तर येथे दोन पौंडही पुष्कळ झाले. किंबहुना दाब जितका कमी तितकी ही व्यवस्था अधिक समाधानाने चालते. कारण तिच्याकडून कोणतेही चाक फिरवून घ्यावयाचे नसून, तिने खोलीत यावे, आपली उष्णता तेथे ठेवावी आणि पाणी होऊन परत जावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे.

ही उष्णता ठेवण्याची क्रिया मात्र थोडी विस्ताराने समजून घेण्याजोगी आहे. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात असे दाखवून दिले की, उकळत्या पाण्याची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते, पण तिचा तापमापकावर काहीच मागमूस लागत नाही. आणि तीच वाफ पुन्हा पाणी झाली म्हणजे ती गुप्त उष्णता जशीच्या तशी परत मिळते. एक ग्रॅम पाणी शंभर अंशांपासून वीस अंशांपर्यंत थंड झाले तर ऐंशी कॅलरी हाती येतात; एक ग्रॅम वाफ तापमान न बदलता नुसती पाणी झाली तर सुमारे पाचशे चाळीस. बिडाच्या त्या कुरूप पिंजऱ्यातून सबंध खोली तापविण्याइतकी उष्णता कोठून येते याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि त्यातूनच दुसरीही गोष्ट निष्पन्न होते, जिच्याकडे घरमालकांचे लक्ष सहसा जात नाही : खोली जितकी अधिक तापली तितके अधिक पाणी त्या रेडिएटरमध्ये निर्माण झाले. उष्णता आणि पाणी ही एकाच व्यवहाराची जमा आणि खर्च आहेत. पाण्याच्या परतीची तजवीज नसेल तर उष्णतेचा हा जमाखर्च दोन-चार दिवसांतच कोलमडतो.

ब्लॅकचा स्नेही जेम्स वॉट याने १७८४-८५ च्या हिवाळ्यात आपली लिहिण्याची खोली वाफेने तापविण्याचा प्रयोग केला, त्याचे वर्णन उपलब्ध आहे. कल्हईच्या पत्र्याची एक चपटी पेटी त्याने जमिनीजवळ उभी केली. तिला हवा जाण्यासाठी एक तोटी ठेवली. आणि खालच्या मजल्यावरील बॉयलरपासून एकच नळ तिच्या तळाशी आणला, ज्यातून वाफ वर यावी आणि पाणी खाली जावे. फळ अपेक्षेहून कमी मिळाले, याचे कारण बहुधा तो चकचकीत पत्राच असावा, कारण लखलखता धातू उष्णता बाहेर टाकण्यात कृपण असतो. परंतु एक नळ, हवेची एक वाट आणि खाली उतरणारे पाणी, ही जी त्रयी वॉटने त्या खोलीत मांडली तिच्यात पुढील दीडशे वर्षांत तत्त्वतः काहीच भर पडली नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे मागाहून आलेल्या पेटंटांचा इतिहास आटोपशीर सांगितला तरी चालतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रान्झ सान गाली याने रेडिएटर ओतले. अमेरिकेत १८६३ साली जोसेफ नेसन व रॉबर्ट ब्रिग्ज यांनी बिडाच्या बैठकीत उभे नळ पिळून बसविण्याचे पेटंट घेतले. नेल्सन बंडी याने त्यानंतरच्या दशकात ओतीव वळशांचा रेडिएटर लोकप्रिय केला. १८७७ मध्ये लॉकपोर्ट गावात बर्डसिल हॉली याने एका बॉयलरवर अनेक घरे तापवून दाखविली, आणि १८८२ पासून न्यू यॉर्कच्या रस्त्यांखालून वाफ विकली जाऊ लागली. १८९२ साली अनेक कारखाने एकत्र होऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी निघाली. तिने १९२४ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रायंट पार्कसमोर रेमंड हूडकडून काळ्या विटांची, सोनेरी माथ्याची जी उत्तुंग इमारत बांधून घेतली ती आजही उभी आहे, आणि बिडाच्या धंद्यात त्या काळी किती पैसा होता याचा तिच्याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही.

या घरांतील रेडिएटर अवाढव्य का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे मूळ वैद्यकीय मतात आहे. बंद खोलीतील उच्छ्वासाने दूषित झालेली हवा हीच रोगाची जननी, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे इतके प्रबळ होते की कॅथरिन बीचर व हॅरिएट बीचर स्टो या भगिनींनी १८६९ साली गृहव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात वायुवीजनाला मानाचे स्थान दिले. आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाने, ज्याने आपल्या मुंबई इलाख्यातही घरेच्या घरे ओस पाडली, या मताला आणखी जोर आणला. सबब, वर्षातील अत्यंत कडक थंडीच्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवूनही खोली उबदार राहावी, अशा हिशेबाने रेडिएटर व बॉयलर यांची मापे काढली जात. पुढे खिडक्या बंद झाल्या, दुहेरी काचा आल्या, भिंतीत आच्छादन भरले गेले, पण रेडिएटर तेवढेच राहिले; आणि आता घर भट्टीसारखे तापते म्हणून दोष मात्र त्यांच्याकडे जातो. जुन्या योजकांनी आपल्या काळाचा हुकूम चोख बजावला होता, एवढे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. या घरांत जी पद्धत सर्वाधिक आढळते तिच्यात रेडिएटरला एकच नळ असतो. वाफ त्याच नळाने वर येते, आत अडकलेली हवा दुसऱ्या टोकाच्या लहानशा व्हेंटमधून फुसफुसत बाहेर पडते, वाफ व्हेंटपर्यंत पोहोचताच त्यातील अल्कोहोलमिश्रित द्रव भरलेली कुपी फुगून छिद्र मिटविते, आणि थंड बिडाला टेकून वाफेचे झालेले पाणी तळाने ओघळत, समोरून येणाऱ्या वाफेच्या खालून, त्याच नळाने परत उतरते. एका अरुंद दारातून आत येणारे आणि बाहेर जाणारे असे दोन प्रवाह एकाच वेळी विनातक्रार जावेत, याला आधार फक्त एका गोष्टीचा : रेडिएटर नळाच्या बाजूस किंचित उतरता असला पाहिजे. येथे पंप नाही, यंत्र नाही, पाण्याला ढकलणारे काहीही नाही. गुरुत्वाकर्षण आहे आणि ढाळ आहे. आपल्याकडील गवंडी मोरीच्या फरशीला डोळ्यांना न दिसणारा पण पाण्याला कळणारा जो ढाळ देतो, नेमका तोच येथे हवा. पाणसळ रेडिएटरच्या माथ्यावर ठेवली असता बुडबुडा मध्यरेषेपासून व्हेंटच्या बाजूस थोडा सरकलेला दिसला म्हणजे पुरे. साधारण लांबीच्या रेडिएटरला पाव इंचाचा फरक भरपूर होतो. याहून अधिक उचलण्यात काडीचा लाभ नाही, आणि जोडणीवर ताण येतो तो वेगळा. दोन नळांच्या पद्धतीत ढाळ उलट, म्हणजे पाणी ज्या टोकाने बाहेर पडते त्या बाजूस द्यावयाचा असतो. तिचा विचार शेवटच्या प्रकरणात संक्षेपाने केला आहे.

ढाळ गेला म्हणजे काय होते? रेडिएटर व्हेंटच्या बाजूस कलंडला की तळाशी पाण्याचे डबके साचते. रात्री बॉयलर थंडावतो, डबके निवते. पहाटे पुन्हा वाफ येते आणि त्या थंड पाण्याशी तिची गाठ पडते. वाफेचा एखादा बुडबुडा पाण्याने वेढला गेला की तो एकाएकी विरतो, सुमारे सतराशे पटींनी आकसतो, आणि त्या पोकळीत चहूबाजूंनी धावलेले पाणी एकमेकांवर आदळते. अथवा नळात साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाणारी वाफ त्याची लाट उठवून तिला गोळ्यासारखी पुढच्या वळणावर नेऊन आपटते. घणाचे घाव म्हणतात ते हेच. त्याच्या जोडीला व्हेंटमधून पाणी उडते, फरशीवर तपकिरी डाग पडतात, रेडिएटरचा अर्धा भाग थंडच राहतो, आणि बॉयलरच्या काचेतील पाणी अकारण खालीवर होते. बारकाईने पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट आढळेल : पुष्कळदा रेडिएटर निर्दोष असून फरशीखालचा आडवा नळच लटकलेला असतो. या फांदीनळाला फुटामागे अर्धा इंच, आणि तळघरातील मुख्य नळाला, वाफ व पाणी एकाच दिशेने जात असतील तर वीस फुटांस एक इंच, विरुद्ध दिशांनी जात असतील तर दहा फुटांस एक इंच, असा ढाळ देण्याची जुनी वहिवाट आहे. म्हणून वर हात लावण्यापूर्वी खाली दिवा घेऊन जावे, असा आग्रह दुसऱ्या प्रकरणात धरला आहे.

हा ढाळ कोणी चोरून नेत नाही. घरच तो हळूहळू गिळते. शंभर वर्षांत तुळया वाळतात, मधोमध वाकतात, पाइनच्या फळ्यांत रेडिएटरचे पाय रुतून खळगे पडतात. कोणी फरशी घासून घेतो, कोणी नवी फरशी घालताना रेडिएटरपुरती जुनी जागा तशीच सोडतो, रंगारी तो काढून भिंत रंगवितो आणि पुन्हा बसविताना पायाखालच्या चकत्या केराबरोबर जातात. या चकत्या कोणी निरुपयोगी म्हणून फेकतो तेव्हा मला फार वाईट वाटते. कारण ऐंशी वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारागिराने, कधी शिशाचा तुकडा तर कधी तांब्याची नाणी रचून, पाणसळ लावून केलेल्या मोजणीचा तो एकमेव शिल्लक दस्तऐवज असतो. शिवाय नळ स्वतःही स्थिर नसतात. शंभर फूट लोखंडी नळ खोलीच्या उष्णतेपासून वाफेच्या उष्णतेपर्यंत तापला की एक इंचाहून थोडा अधिक लांबतो. दुसऱ्या मजल्यावरचा रेडिएटर हिवाळ्यात उभ्या नळाच्या टोकावर उचलला जातो आणि उन्हाळ्यात खाली बसतो. तेव्हा थंड नळावर जेमतेम साधलेला ढाळ तापल्यावर टिकेलच असे नाही, याची जाणीव ठेवूनच मोजणी करावी लागते.

रेडिएटर काढून पुन्हा बसविण्याच्या कामावर तीन प्रकरणे खर्ची घातली आहेत. हा विस्तार काहींना अतिरिक्त वाटेल, पण तेथेच नासधूस सर्वात जास्त होते. व्हॉल्व्ह व रेडिएटर यांना जोडणारी जी युनियन असते तिची नट व रेडिएटरमध्ये पिळून बसविलेला तुकडा ही एकमेकांकरिता घडविलेली जोडी होय. एका कारखान्याची नट दुसऱ्याच्या तुकड्यावर बसली तरी ती वाफ धरील याची हमी नाही. नवा व्हॉल्व्ह आणला की त्याचा तुकडाही बसविला पाहिजे, आणि जुना तुकडा शंभर वर्षांच्या गंजाने रेडिएटरशी एकजीव झालेला असल्यामुळे, पाना लावून तो न निघाल्यास आतून करवतीच्या पात्याने खाच पाडून, आट्यांना इजा न करता, छिन्नीने तो आत दुमडून काढावा लागतो. या कामाला घाई चालत नाही. तसेच, एकनळी पद्धतीत व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असावा. खोली कमी तापावी म्हणून तो अर्धा फिरविणारा सद्गृहस्थ वाफेला आत येऊ देतो पण पाण्याची वाट अडवितो, आणि मग ढाळ कितीही शुद्ध असला तरी रेडिएटर पाण्याने भरतो. खोली कमी तापवावयाची असेल तर व्हेंट लहान बसवावा. रंगाचे प्रकरण वॉटच्या पेटीशी जोडलेले आहे : चंदेरी किंवा सोनेरी धातुमिश्रित रंग दिल्याने रेडिएटरची उष्णता कमी होते, साध्या रंगाने ती होत नाही. मात्र जुना रंग खरवडण्यापूर्वी हे ध्यानात असावे की घरांतील शिशाच्या रंगावर तिकडे बंदी आली ती १९७८ साली, आणि नळांवरचे जुने पांढरे वेष्टन ॲस्बेस्टॉसचे असू शकते. त्याला स्वतः हात लावू नये.

वाफेची तक्रार आली की दाब वाढविणे, हा जो इलाज अर्धशिक्षित दुरुस्तीवाले सर्रास करतात त्याचा मी निषेध करतो. दाब वाढविल्याने डबके हलत नाही. घाव मात्र जोराचे पडतात आणि इंधन जास्त जळते. त्याचप्रमाणे, वाफ आली की सगळे उपटून टाका व नवी व्यवस्था करा, हा सल्लाही मला बहुधा आळसाचा वाटतो. याचा अर्थ प्रत्येक घरात वाफच ठेवावी असा नव्हे. जेथे मुख्य नळच कुजले आहेत तेथे हट्ट धरणे मूर्खपणाचे. परंतु निर्णय घेण्यापूर्वी ती यंत्रणा एकदा तरी नीट उताराने चालवून पाहिलेली असावी, एवढे न्यायाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या विद्येचे जाणकार एकामागून एक गेले व त्यांच्याबरोबर ती विद्याही जवळजवळ गेली. ती जुन्या पुस्तकांतून व तळघरांतून पुन्हा गोळा करण्याचे काम डॅन होलोहान यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ या ग्रंथात केले. या क्षेत्रात नंतर लिहिणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे, माझ्यावरही.

बॉयलरविषयी या पुस्तकात काही नाही, आणि ते हेतुपुरस्सर. १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन येथे एका जोड्यांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून अठ्ठावन्न माणसे दगावली. त्या आपत्तीतून कायदे झाले, आणि पुढे अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेची बॉयलरसंहिता तयार झाली. घरगुती बॉयलर त्या मानाने निरुपद्रवी खरा, पण त्याची सुरक्षा-झडप, पाणी कमी झाल्यास आग विझविणारी कळ आणि जळणाची जोडणी हा परवानाधारकाचा अधिकार आहे. आपण फरशीच्या वर राहावे.

हे काम मे ते सप्टेंबर या काळात, बॉयलर थंड असताना काढावे, आणि ऑक्टोबरमध्ये पहिली वाफ सोडताना प्रत्येक रेडिएटरजवळ थांबून व्हेंट मिटतो की नाही, जोडणी गळते की नाही, हे पाहावे. पहिले व दुसरे प्रकरण वाचल्याशिवाय कोणी पाना हाती घेऊ नये. पाचव्या प्रकरणात रेडिएटर जागेवरून हलविण्याची रीत दिली आहे. तीनशे-चारशे पौंडांचे बीड कलंडले म्हणजे त्याला थोपविता येत नाही, म्हणून ते प्रकरण घरातील दोघांनी मिळून वाचावे, आणि त्यातील कामही दोघांनी मिळूनच करावे.